आडवी आलेली गाय, धावत आलेला बाप

इंदूरला राजवाड्याला लागून आडा बाजार आहे. पाहुणे आले, त्यांना रात्री खाण्यासाठी सराफ्यात घेऊन निघालो, की कुणीतरी त्या नावाची गोष्ट सांगतंच. अहिल्याबाई होळकरांचे पुत्र मालेराव यांच्या रथाखाली एक वासरू सापडलं आणि मेलं. रथ थांबला नाही. मागून अहिल्याबाई आल्या. मेलेल्या वासराशेजारी बसलेली गाय त्यांनी पाहिली, चौकशी केली आणि घरी येऊन सुनेला विचारलं, आईच्या डोळ्यांदेखत तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, मृत्युदंड. मग मालेरावांना हातपाय बांधून त्याच रस्त्यावर टाकायचा आणि त्यांच्यावरून रथ न्यायचा हुकूम सुटला. एकही सारथी तयार होईना, तेव्हा अहिल्याबाई स्वतः रथात बसल्या. तर तीच गाय पुढे येऊन आडवी उभी राहिली. हाकलली, पुन्हा आली. पुन्हा हाकलली, पुन्हा आली. ती जिथे आडवी आली तो आडा बाजार.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण लहानपणापासून ऐकताना दर वेळी माझं मन एकाच जागी अडकतं. रथ अडवला कुणी? दिवाणांनी नाही, सुनेनं नाही, गावातल्या चार शहाण्यांनीही नाही. जिचं वासरू गेलं होतं, तिनं. दुसरं कुणी ‘जाऊ द्या, राजपुत्र आहे’ म्हणालं असतं तर तो वशिला झाला असता. गाय आडवी आली, म्हणून ती दया झाली.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळ घर नगर जिल्ह्यातलं, जो आता अहिल्यानगर झाला आहे. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यात. इंदुरात आमची ही तिसरी पिढी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. गेल्या वर्षी एका दहा वर्षांच्या मुलानं आमच्या खास इंदुरी मराठीत विचारलं, “टीचर, देवाला माफच करायचं होतं तर सरळ माफ करून द्यायचं ना! येशूला कशाला मरवलं?” त्याच आठवड्यात शेजारचे काका फाटकाशी उभे राहून अगदी आपुलकीनं म्हणाले, “तुमच्याकडे सोय चांगली आहे हो. पाप करा, कबूल करा, पाटी कोरी. आमच्याकडे केलेलं कर्म फेडावंच लागतं.”

मुलाला वाटत होतं, क्षमेची किंमत फार जबर लावली. काकांना वाटत होतं, ती फार स्वस्तात सुटली. दोघंही एकाच गोष्टीविषयी बोलत होते, आणि दोघांना एकाच वेळी पटेल असं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. ते मी इथे मांडून पाहते.

सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. बायबलचा जुना करार हिब्रू भाषेतला. दयेसाठी त्यात एक शब्द येतो, ‘रखमीम’. त्याचं मूळ ‘रेखेम’ या शब्दात आहे, आणि रेखेम म्हणजे गर्भाशय. आईच्या पोटात जे हलतं, ती दया. हे वाचलं तेव्हा मला आपलं मराठीच आठवलं. आपण मोठ्यांपुढे हात जोडून काय म्हणतो? ‘एवढा अपराध पोटात घाला.’ पुसून टाका म्हणत नाही, विसरून जा म्हणत नाही, पोटात घाला म्हणतो. ज्याच्या पोटात ते जातं त्याला ते जड होतं, हेही त्या शब्दातच आलं. दुसरा शब्द ‘हेसेद’. दिल्या शब्दाला, जोडल्या नात्याला धरून राहणारी माया, समोरच्यानं नातं मोडलं तरी आपल्या बाजूनं न सोडणारी.

न्यायासाठीही दोन शब्द जोडीनं येतात. ‘मिश्पाट’ म्हणजे निवाडा, आणि ‘त्सेदाका’ म्हणजे नातं, व्यवहार, गाव जसं असायला हवं तसं नीट असणं. हा दुसरा शब्द महत्त्वाचा. न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली, तराजू धरलेली बाई उभी राहते. बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, मनातला न्याय वेगळा होता. विधवेला तिचं शेत परत मिळालं, मजुराला संध्याकाळी मजुरी मिळाली, परक्याला कुणी नाडलं नाही, म्हणजे न्याय झाला. गुन्हेगाराला फटके पडले आणि विधवेचं शेत सावकाराकडेच राहिलं, तर निवाडा झाला, न्याय झाला नाही. आमोस आणि मीखा हे संदेष्टे यावरूनच आपल्या लोकांवर कडाडतात. मीखा तर देवाला काय हवं ते एका दमात सांगतो: न्यायानं वागणं, दयेची आवड धरणं आणि देवासोबत नम्रपणे चालणं. न्याय आणि दया हे एकमेकांचे शत्रू आहेत हे त्याच्या गावीही नाही.

तरीही ताण आहे, तो मी लपवणार नाही. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, अपराधांची क्षमा करणारा. आणि लगेच, त्याच वाक्यात, दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा. दोन्ही एका श्वासात. पुढच्या सगळ्या ख्रिस्ती विचाराला या एका वाक्यानं कामाला लावलं आहे.

आता पश्चात्ताप. मराठीतला हा शब्द सुंदर आहे, पण अर्धवट आहे. पश्चात् ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. हिब्रूतला शब्द आहे ‘शूव’, आणि त्याचा साधा अर्थ परत फिरणे. वाट चुकलेला माणूस लक्षात आल्यावर वळतो आणि मागे येतो, तेच. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. दोन्हींमध्ये जळण्यावर भर नाही, वळण्यावर आहे. आपल्याकडे माणूस दहा वर्षं जळत बसतो आणि त्यालाच पश्चात्ताप समजतो. एक पाऊल मागे फिरलेला मात्र नसतो.

हा फरक शुभवर्तमानात, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चरित्रात, दोन माणसांच्या रूपानं समोर येतो. येशूच्या शेवटच्या रात्री त्याचे दोन शिष्य घसरले. यहूदानं तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याला पकडून दिलं. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीन वेळा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून सांगितलं. दोघंही मनातून फुटले. यहूदा तर ज्या याजकांनी नाणी दिली त्यांच्याकडेच ती परत घेऊन गेला, ‘मी निर्दोष रक्ताचा घात केला’ असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला, ती नाणी मंदिरात फेकून दिली आणि गळफास घेतला. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्याच्या बाबतीत मेटानोइया शब्द वापरत नाही. वेगळं क्रियापद वापरतो, ज्यात हळहळ आहे. पेत्र ढसढसा रडला, पण उरलेल्या शिष्यांबरोबर राहिला, आणि पुढे मरणातून उठलेला येशू सरोवराकाठी दिसल्यावर नावेतून उडी टाकून त्याच्याकडे गेला. यहूदाचा अपराध क्षमेपलीकडचा होता म्हणून तो बुडाला, असं मी मुलांना कधी सांगत नाही. तो ज्यांच्याकडे परत गेला त्यांनी ‘त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा’ म्हणून त्याला हाकललं. ते वाक्य वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं. जिथे परतायचं तिथे त्याची पावलं गेली नाहीत, आणि जिथे गेली तिथे दार नव्हतं.

येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही माहीत असतो, पण नीट वाचला तर त्यात दोन जागा अशा आहेत की मी अजून तिथे थांबते. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते. मग तो बापासाठी एक भाषण तयार करतो. त्याचे तीन भाग: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळच्या घरंदाज म्हाताऱ्यानं अंगरखा सावरत रस्त्यानं धावायचं नसतं. मुलगा भाषण सुरू करतो. पहिला भाग होतो, दुसरा होतो. तिसरा त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही, कारण तोवर बाप नोकरांना अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगत असतो. मजूर म्हणून राहून फेडायचा जो सौदा मुलानं मनात बांधला होता, त्याच्यापर्यंत बाप गोष्ट पोचूच देत नाही.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पश्चात्ताप ही क्षमेची किंमत नव्हे. मुलगा परत आला म्हणून बापाच्या मनात माया उपजली नाही. ती आधीपासून उंबऱ्यात उभी राहून वाट पाहत होती. पण तो परत आला नसता तर ती माया त्याच्या अंगावर पडली नसती. पाऊस पडतोच आहे, घागर पालथी असेल तर ती भरणार नाही. घागर सरळ करणं म्हणजे पश्चात्ताप. तो घागरीचा पराक्रम नाही आणि पावसाचं बिलही नाही.

दुसरी जागा थोरल्या भावाची. तो शेतावरून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि आत यायला नकार देतो. प्रवचनांत या थोरल्याला फार झोडपतात. मला ते पटत नाही. हिशोबानं तो बरोबर आहे. वाटण्या झाल्या होत्या. धाकट्यानं आपला वाटा संपवला होता, म्हणजे घरात उरलं ते सगळं थोरल्याच्या वाट्याचं. कापलेलं पुष्ट वासरू त्याच्या हिश्श्यातलं, बोटात घातलेली अंगठीही त्याच्याच हिश्श्यातली. दया बापानं दाखवली, पण तिचा खर्च थोरल्याच्या खात्यावर पडला. असे थोरले भाऊ आणि थोरल्या बहिणी मी खूप पाहिल्या आहेत, ज्यांनी आईबापांचं शेवटपर्यंत केलं आणि ज्यांच्याविषयी कुणी मेजवानी दिली नाही. बाप त्याला खोटं पाडत नाही. घरातला समारंभ सोडून त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत काढतो आणि म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. मग तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलंच नाही.

म्हणजे दयेचा खर्च कुणीतरी सोसतो. हे एकदा ध्यानात आलं की त्या दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाशी झुंजता येतं. मी त्याला आमच्या कापड बाजारातला दाखला दिला. एका व्यापाऱ्याचे दुसऱ्याकडे एक लाख अडकले. दुसरा बुडाला, पाया पडला. पहिला म्हणाला, जा, सोडले. ते लाख रुपये कुठे गेले? हवेत विरले का? नाही. ते पहिल्याच्या वहीत बुडीत म्हणून लिहिले गेले. त्याच्या पोरीच्या लग्नातून, त्याच्या दुकानातून ते वजा झाले. कर्ज माफ करणं म्हणजे ते स्वतःच्या अंगावर घेणं. ‘सरळ माफ करून देणं’ असा प्रकार नसतोच. नुकसान जितकं मोठं तितकं माफ करणाऱ्याच्या अंगावर जास्त येतं. मुलगा विचार करून म्हणाला, “म्हणजे देवानं आपल्या वहीत लिहून घेतलं.” माझ्याजवळ याहून चांगलं वाक्य नव्हतं.

ख्रिस्ती विद्वानांनी मात्र यावर शतकानुशतकं खल केला आहे, आणि त्यांचं एकमत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यानं १०९८ च्या सुमारास मांडलं की देवानं अपराधाकडे नुसती डोळेझाक केली तर बरं आणि वाईट एकाच भावात जाईल. जगाची घडी मोडेल. देणं माणसाच्या माथ्यावर, ते फेडायची ताकद फक्त देवात, म्हणून देव माणूस होऊन आला. त्याच्यानंतर थोड्याच काळात पॅरिसच्या अबेलार्डनं निराळा भर दिला: क्रूसावर देवाचं प्रेम इतकं उघडं झालं की पाहणाऱ्याचं मन पाझरतं आणि वळतं. सोळाव्या शतकात धर्मसुधारक काल्विननं, जो कायदा शिकलेला होता, न्यायालयाची भाषा वापरली: शिक्षा ठरली होती, ती ख्रिस्तानं आपल्याऐवजी भोगली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर पापाला गुन्ह्यापेक्षा रोग मानायची चाल मोठी आहे, आणि ख्रिस्त तिथे वैद्य. सातव्या शतकातला सीरियन साधू इसाक काही काळ निनवेचा बिशप होता. तो इतक्या टोकाला जातो की देवाला ‘न्यायी’ म्हणूच नका म्हणतो. येशूच्या दाखल्यांमधला, संध्याकाळी तासभर राबलेल्यालाही पूर्ण मजुरी देणारा मळ्याचा मालक आणि धावत जाऊन गळ्यात पडणारा बाप पाहिल्यावर कुठला न्याय शोधता, असा त्याचा सवाल. या निनवेशी बायबलची जुनी ओळख आहे. योना संदेष्टा तिथेच जाऊन चाळीस दिवसांत नाश होणार म्हणून ओरडला होता. शहर पश्चात्ताप करून वाचलं, तेव्हा रागानं फुगून बसला तो योना. एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का, असं देव त्याला विचारतो. गुरांचाही हिशोब धरणारा तो प्रश्न मला फार आवडतो.

मला स्वतःला तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचं म्हणणं पटतं. तो म्हणतो, एखाद्याचं शंभर नाणी देणं लागत असताना मी माझ्या पदरचं घालून त्याला दोनशे दिली, तर मी न्याय मोडला का? उलट न्याय पुरा करून वर दिलं. दया न्यायाला खोडून काढत नाही, ती त्याला ओलांडून पुढे जाते.

क्रूसाविषयी एका चुकीच्या चित्रापासून मुलांना मी जपून दूर ठेवते. रागावलेला न्यायाधीश वर बसला आहे, आणि त्याचा राग शांत करायला एक तिसराच निरपराध माणूस पुढे आला, असं ते चित्र. तसं असतं तर तो अन्यायच झाला असता. ख्रिस्ती शिकवण अशी की जो सोसतो तो तिसरा नव्हेच. ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाशी समेट करत होता, असं प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो. आडा बाजाराची गोष्ट इथवर सोबत करते आणि मग मागे पडते. त्या गोष्टीत न्याय करणारी राणी वेगळी आणि जिचं लेकरू गेलं ती गाय वेगळी. क्रूसाजवळ हे दोघं एकच आहेत, आणि चाकाखालीही तोच आहे.

आता काकांच्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं. पाटी कोरी होते का? दावीद राजाची कथा यावर आडपडदा न ठेवता बोलते. दावीदानं उरीया नावाच्या आपल्याच शिपायाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतलं, तिला दिवस गेले, तेव्हा उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात आला आणि त्यानं एक गोष्ट सांगितली: एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, लेकीसारखी वाढवलेली, शेजारच्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला. म्हणाला, तो माणूस मरणालाच पात्र आहे, आणि मेंढीची चौपट भरपाई त्यानं द्यावी. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. सुनेच्या तोंडून निवाडा वदवून घेणाऱ्या अहिल्याबाई मला इथे आठवतात. दावीदानं कबूल केलं आणि नाथाननं त्याच क्षणी सांगितलं, देवानं तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. पण उरीया परत आला नाही. दावीदाच्या घरात तलवार शिरली ती शिरलीच. पुढे मुलानं बापाविरुद्ध बंड केलं. बथशेबेचं ते मूल वारलं, आणि ते देवानं केलं असं तिथे लिहिलं आहे. त्या ओळीपाशी मी आजही अडखळते. एवढं मात्र त्या कथेतून स्पष्ट आहे की दोष माफ होणं आणि परिणाम पुसले जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नुकसान भरून द्यायचं असतं, हेही बायबल सोडत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यायची होती. स्वतःहून कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. गावानं नाकं मुरडली. जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. क्रम पाहा: येशू आधी त्याच्या घरी गेला, चौपट नंतर आलं. पण आलं! उलट क्रूसावर येशूशेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला काही परत करायला हातही मोकळे नव्हते, तरी त्याला स्वर्गाचा शब्द मिळाला. भरपाई ही तिकिटाची किंमत नसते हे त्याच्यावरून कळतं, आणि हात मोकळे असलेल्यानं काय करायचं हे जक्कयवरून.

कॅथलिक चर्चमधल्या पापनिवेदनाविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत. वर्षातून एकदा तरी ते करावं असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेनं घातला. त्यात मनापासूनचं दुःख हवं, कबुली हवी आणि प्रायश्चित्त हवं. चोरी कबूल करणाऱ्याला धर्मगुरू माल परत करायला सांगतो, आणि परत करायची इच्छाच नसेल तर क्षमेचे शब्द उच्चारायला नकारही देऊ शकतो. पुढे हीच व्यवस्था पैशाच्या नादी लागली, पापदंडाच्या माफीची पत्रं विकली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन लूथर उभा राहिला. त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं येशूला हवं होतं. आम्ही प्रोटेस्टंट घरातले लोक धर्मगुरूच्या कानात कबुली देत नाही. त्यामुळे आमच्यापुढे वेगळा धोका असतो: खोलीत दार लावून देवाला सॉरी म्हणायचं आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या घराकडे फिरकायचंच नाही. नाझींनी १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानं १९३७ मध्येच याला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं होतं.

हे सगळं ग्रंथातलं झालं. इंदूरच्या लोकांसाठी एक गोष्ट याहून जवळची आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या ननांच्या संघातल्या. १९९२ पासून त्या इथून जवळ देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत होत्या. सावकारी पाशातून माणसं सुटू लागली, आणि ज्यांचं त्यात बुडत होतं त्यांना ते खुपू लागलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला सकाळच्या बसनं त्या इंदूरकडे निघाल्या होत्या. नाचनबोर घाटात बस थांबवून समंदरसिंह नावाच्या तरुणानं सगळ्या प्रवाशांदेखत त्यांना भोसकलं. पन्नासवर वार होते. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

खटला चालला, जन्मठेप झाली. तो तुरुंगात असताना, २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तिथे गेली आणि तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून त्यांच्या घरच्यांनी आणि चर्चनं अर्ज केले. २००६ मध्ये तो अकरा वर्षांनी बाहेर आला. मग तो केरळला त्यांच्या घरी गेला. राणी मारियांच्या आईनं त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलं आहे, म्हणाल्या. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’ ही संतपदाच्या आधीची पदवी जाहीर झाली.

या हकिकतीत काय कुठे आहे ते नीट पाहावं. चर्चनं खटला थांबवा म्हणून सांगितलं नाही. खून हा खूनच राहिला आणि शिक्षा झाली. क्षमा ज्यांनी केली त्यांना ती करायचा हक्क होता, कारण माणूस त्यांचं गेलं होतं. त्यांनी ती मनातल्या मनात ठेवली नाही, तुरुंगापर्यंत जाऊन त्याच्या हातात दिली. आणि ज्याला ती मिळाली तोही पुढे आपल्या पायांनी त्या आईच्या दारात गेला. राखी ज्या दिवशी बांधली गेली त्या दिवशी कुठलाही गुन्हा रद्द झाला नाही. भाऊ मात्र झाला.

आता मला जे सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते. क्षमेची ही शिकवण ज्याच्यावर वार झाला त्याच्याच डोक्यावर दगडासारखी ठेवली जाते. ‘येशूनं साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितली आहे’ हे वाक्य मी मार खाल्लेल्या बायकांना, फसवल्या गेलेल्या भावांना ऐकवताना ऐकलं आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं ते वाक्य. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, अपराध करणाऱ्याशी काय करायचं ते आहे: एकांतात त्याला त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर एकदोन साक्षीदार घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे आण. लूकचं शुभवर्तमान तर सरळ सांगतं, भावानं अपराध केला तर त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आणि सत्तर वेळांच्या पाठोपाठ येशू जो दाखला देतो त्यात दहा हजार टॅलंटचं कर्ज माफ झालेला चाकर आहे. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. दहा हजार टॅलंट म्हणजे दीड लाख वर्षं राबूनही फिटणार नाही असं काहीतरी. तो बाहेर पडतो आणि शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. दाखला त्या गळा धरणाऱ्यासाठी आहे. ज्याचा गळा धरला आहे त्याला ‘सोसून घे’ म्हणण्यासाठी तो कुणी वापरू नये. गाय स्वतः आडवी आली. तिला दावं लावून कुणी रथापुढे ओढून आणलं असतं तर?

हे मी आज इतक्या ठासून लिहिते आहे, पण काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत मी गप्प बसले होते. आमच्या ओळखीतली एक तरुण मुलगी नवऱ्याच्या मारामुळे माहेरी आली होती. एका ज्येष्ठ गृहस्थांनी सगळ्यांसमोर तिला सत्तर वेळांचं वचन वाचून दाखवलं आणि परत जायला सांगितलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याकडेही तिनं पाहिलं. मी मान डोलावली. ती परत गेली, आणि दीड वर्षानं हात मोडून आली.

त्यानंतर तिनं सभेला येणं सोडलं. मी देवापुढे पुष्कळ रडले. म्हणजे यहूदानं केलं तेच. तिच्या घरी जायला मला आणखी तीन वर्षं लागली. ती शिलाई मशीनवर बसली होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, त्या दिवशी मी चुकले, मला तेव्हा बोलायला हवं होतं. तिनं मशीन थांबवलं. ‘असू दे मावशी’ असं काही ती म्हणाली नाही, आणि तसं ऐकायला मी गेले नव्हते, असं मी स्वतःला बजावून गेले होते. ती बराच वेळ कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिली.

मग म्हणाली, “मंगळवारी कोर्टात तारीख आहे. माझ्या बाजूनं कुणी येत नाही. तुम्ही याल?”

मंगळवारी साडेदहाला मी तिच्याशेजारी बाकावर बसले होते.